सावद्याहून शिरपूरला, नारळाच्या दुधासह

लोक काशीला जातात, काश्मीरला जातात, परत आले की वहीभर लिहितात. मी सावद्याहून शिरपूरला जाऊन आले. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं आमच्या शाळेच्या हेडबाई म्हणाल्या. त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही एकदा आमच्या ह्यांच्याबरोबर आठ नारळ घेऊन आगगाडीत बसून बघा. मग बोला.

'हे' म्हणजे माझे यजमान. लढाईच्या आदल्या वर्षी मलायात रबराच्या मळ्यावर कंपाउंडर म्हणून गेले. तीन वर्षांत येतो म्हणाले होते. तेव्हा आमची इंदू तीन वर्षांची होती आणि ह्यांना आबा म्हणायची. मग तिकडे जपानी आले, पत्रं बंद झाली. गावात दोनचार शहाण्या बाया मला म्हणाल्या, आता कुंकू पुस. मी म्हटलं, तार आल्यावर बघू. तार आली नाही. लढाई संपल्यावर पत्र आलं, 'पुढच्या बोटीने येतो.' त्यानंतर सात वर्षं दर पत्रात हीच पुढची बोट! आणि पत्रात दुसरं काय? खाणं. शेजारच्या लीमा नावाच्या म्हातारीने नारळाच्या दुधात केळी आणि गूळ शिजवून एक गोड पदार्थ खाऊ घातला, त्याला तिकडे पेंगात म्हणतात, जपानी अंमलात उपाशी असताना तिने तोच घालून जगवलं, वगैरे वगैरे. शेवटी ठरलेली ओळ, 'इंदूला सांग, आलो की पहिल्यांदा तिला पेंगात करून घालीन.'

पोरगी ह्या पत्रांवरच वाचायला शिकली. पण माणूस काही येईना. गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं, कन्यादान तिच्या काकांनी केलं आणि हे उगवले मार्गशीर्षात! संक्रांतीला इंदू माहेरी आली, चार दिवस राहिली आणि ह्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. हे ओसरीवर आले की ती पदर सावरून आत. मी दोन महिने भांडले, ताटं आपटली, माझं निघून गेलं. तिचं कुठून निघणार? अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली झाडून सगळी सासुरवाशीण माहेरी येते, झोके बांधते, गाणी म्हणते. आमचा झोका रिकामा राहिला. त्या दिवशी हे रिकाम्या झोक्याशेजारी उभे राहून म्हणाले, "ती येत नाही ना? मग आपण जाऊ. मी पेंगात करून घालतो."

मला हसूही आलं आणि रडूही. म्हटलं, बरं, चला.

जळगाव

आता आमच्या गावात केळीला तोटा नाही. केळी इतकी की गुरं तोंड फिरवतात. पण नारळ! नारळ म्हणजे देवापुढे फोडायचा, त्याचा तुकडा तोंडात टाकायचा आणि उरलेलं वाळवून मसाल्यात घालायचं. त्याचं दूध काढून त्यात काही शिजवतात, हे सावद्यात कुणाच्या स्वप्नातही नाही. खोबरं ओलं किसायची खवणी तर अख्ख्या गावात नाही. पण ती ह्यांनी आणली होती. चौदा वर्षं परदेशात राहून माणसाने घरी काय आणलं, तर एक पत्र्याची ट्रंक आणि एक लाकडी घोडा, ज्याच्या तोंडाला लोखंडी दाते. त्याच्यावर बसून नारळ खवायचा.

जळगावच्या बाजारात नारळवाल्याने विचारलं, "कोणत्या देवाचे?"

"देवाचे नाहीत," हे म्हणाले. "खायचे आहेत."

"आठही?"

"आठही."

तो आमच्याकडे असा बघायला लागला की मीच पुढे होऊन म्हटलं, "अहो, नवस आहे." तसं त्याने हात जोडले आणि नारळ निवडून दिले. हे प्रत्येक नारळ कानाशी धरून हलवत होते, पाणी बोलतं का ते ऐकत. भोवती दहा माणसं जमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाळीसगावच्या गाडीत आमचं सामान असं: केळीचा एक घड सुक्या पानांत गुंडाळलेला, आठ नारळांची पिशवी, लाकडी घोडा, दशम्यांचा डबा आणि फिरकीच्या तांब्यात पाणी. दशम्या आणि पाणी का, ते सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. आमच्यात लेकीच्या घरी आईबापांनी अन्नाचा कण घ्यायचा नाही, पाण्याचा घोटही नाही. लेकीला मूल झालं की मग हा बंध सुटतो, मग पाहिजे तेवढं जेवा. पुण्यामुंबईचे लोक हसतील. हसू देत. मी स्वतः शिकलेली, मराठी सातवी पास, शाळेत शिकवते, तरी ही रीत मोडायची माझी छाती नाही. आणि ह्यांनी परदेशात काय काय खाल्लं असेल ते देव जाणे, पण ह्या बाबतीत मात्र सोवळं कडक.

गाडीत एका म्हाताऱ्याने नारळांची पिशवी पाहिली आणि तिला डोकं टेकवून नमस्कार केला. "माझ्या नावाचाही एक फोडा बाबा, गुडघे फार दुखतात." ह्यांना नाही म्हणता येत नाही, हा जन्माचा रोग. त्यांनी पिशवीतून एक नारळ काढून म्हाताऱ्याला दिला, "तुम्हीच फोडा." मी डोळे मोठे केले, पण उशीर झाला होता. ते बघून समोरच्या बाईने सुनेला मूल होत नाही म्हणून एक मागितला, तोही गेला! पाचोऱ्याला एक लठ्ठ व्यापारी चढला, जागा दिसली तिथे धपकन बसला आणि तसाच किंचाळत उठला. घोड्याचे दाते! "हे काय हत्यार बाळगता?" तो ओरडला. हे शांतपणे म्हणाले, "खवणी आहे. तिकडे मलायात घरोघर असते." पुढे चाळीसगावपर्यंत तो उभा राहिला.

धुळे

सुरत लायनीने नरडाण्याला उतरलो असतो तर शिरपूर जवळ पडलं असतं. पण धुळ्याला माझा थोरला भाऊ, नाना. लेकीकडे जाताना भावाला टाळलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. नाना जिनिंगमध्ये हिशेबनीस, बोलणं तोलूनमापून, पण बोलला की बोचणारं. आमचं सामान बघून त्याने काही विचारायच्या आत एक नारळ उचलला आणि देवघरासमोर फोडला, पाव्हणे सुखरूप आले म्हणून. आतून नासका निघाला. "देवाला पोचला," म्हणून नानाने हात जोडले. हे कपाळाला हात लावून बसले. आठाचे पाच राहिले.

जेवताना नानाने सरळ विचारलं, "काय हो, लढाई संपल्यावर सात वर्षं काय करत होतात?"

मी आत भाकरी थापत होते. माझा हात थांबला. हा प्रश्न मी शंभर वेळा ओरडून विचारला होता आणि दरवेळी हे उठून केळीच्या बागेत गेले होते.

हे हळूच म्हणाले, "नाना, जपान्यांच्या वेळी सगळं गेलं. साठवलेलं, अंगावरचं, सगळं. म्हटलं, जरा काही कमवू आणि मग जाऊ. रिकाम्या हाताने पोरीसमोर काय उभं राहायचं? एक वर्ष म्हणता म्हणता सात झाली. आणि शेवटी आलो तो रिकाम्या हातानेच."

"आणि म्हणून हा घोडा?"

"म्हणून हा घोडा."

खरं सांगते, मला त्या उत्तराने आधी संताप आला. लाज वाटली म्हणे! ह्यांच्या लाजेपायी माझ्या पोरीचं कन्यादान बापाशिवाय झालं. भाकरी तव्यावर जळली, तीच मी ह्यांच्या ताटात वाढली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्या लीमा म्हातारीची आठवण यायला लागली, जिला मी कधी पाहिलं नाही आणि जिच्याबद्दल मी मनात काय काय म्हटलं होतं. ती म्हातारी नसून तरुण असेल, अशी माझी पक्की खात्री होती. आता वाटलं, तिने ह्यांना जगवलं एवढं तरी खरं.

शिरपूर

शिरपूरच्या मोटारीत ऊन असं की केळी गुंडाळलेल्या पानांतच पिकून काळी पडायला लागली. तापी ओलांडली तसं ह्यांनी बोलणं बंद केलं. घाबरले होते. जपान्यांना न घाबरलेला माणूस स्वतःच्या पोरीला घाबरला होता.

इंदूचं सासर मोठं, कपाशीवालं. व्याही दारातच भेटले, गळाभेट झाली. विहीणबाई तुळसाक्का म्हणजे उंच, ठणठणीत, आवाज गल्लीच्या टोकाला पोचणारा. त्यांनी मला मिठी मारली आणि केळीचा घड बघून खूश झाल्या. जावई शेतावर होते. इंदू डोक्यावर पदर घेऊन आली, माझ्या पाया पडली, ह्यांच्याही पाया पडली. ह्यांनी "इंदू" म्हटलं. ती उठून आत गेली. बस्, एवढंच.

रीत ठाऊक असल्यामुळे तुळसाक्कांनी आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, विचारणं हाच आमचा अपमान झाला असता. आम्ही शेजारच्या पाटलांच्या ओट्यावर बसून आपल्या तांब्यातलं पाणी प्यालो, दशमी खाल्ली. तिथून हे परत आले ते थेट चुलीपाशी.

मुलीकडचा व्याही स्वयंपाकघरात येऊन चुलीसमोर बसतो, हे शिरपूरने कधी पाहिलं नसेल. तुळसाक्का दारात हात कमरेवर ठेवून उभ्या. शेजारपाजारच्या बाया खिडकीत. हे घोड्यावर बसले आणि खरखर नारळ खवायला लागले. खिडकीतल्या बाया एकमेकींना चिमटे काढत होत्या. कीस पाण्यात कुस्करून, धोतराच्या फडक्यातून पिळून दूध काढलं. ते पातेल्यात पडलं तेव्हा तुळसाक्का वाकून म्हणाल्या, "ओ माय! हाई ते गायना दूधसारखंच दिसस."

गूळ घातला. तिकडे ताडाचा गूळ घालतात, इथे आपला उसाचा. मग ह्यांनी खिशातून एक डबी काढली. त्यात कसलंसं वाळकं पान होतं, तिकडे ते वासासाठी घालतात म्हणे. डबी मलायापासून औषधांच्या ट्रंकेत राहिली होती. पानाला टिंक्चर आयोडीनचा वास येत होता. मी ते ह्यांच्या हातातून काढून चुलीत टाकलं.

सगळ्यात मोठा घोळ जाळाचा. तिथे चुलीत घालतात पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं. ती भडकते, भुर्रकन मोठी होते आणि लगेच विझते. आणि हे दूध जोरात उकळलं की फाटतं. म्हणून मी चुलीपाशी बसून पऱ्हाटी पुढेमागे सरकवत होते आणि हे ढवळत होते. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातली चौदा हे परदेशात, आणि आम्ही दोघांनी मिळून एका चुलीवर काही शिजवलं ते पहिल्यांदाच. इंदू आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बघत होती, बोलत नव्हती.

केळी पडली, आणि मग ह्यांनी चिमूटभर मीठ घेतलं आणि पातेल्यात टाकलं.

"ओ माय वं!" तुळसाक्का अशा ओरडल्या की खिडकीतल्या बाया दचकल्या. "दूधमा मीठ! बठ्ठं बाटी गयं! इहीनबाई, हाई काय पाप!" सगळं बाटलं म्हणे!

"अहो, हे गाईचं दूध नाही, नारळाचं आहे," हे म्हणाले. "तिकडे घालतातच. एवढंसं. हे बघा, एवढंच." आणि किती ते दाखवायला पुन्हा एक चिमूट घेतली. दाखवून झाल्यावर ती कुठे ठेवायची? पातेल्यात गेली. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून व्याही आत आले, काय झालं म्हणाले. ह्यांनी त्यांनाही समजावून सांगितलं. चिमूट घेऊन.

तीन चिमट्या मी डोळ्यांनी बघितल्या. चिमटीही कंपाउंडरची नव्हे, केळी खांद्यावर वाहणाऱ्या शेतकऱ्याची. पण बोलले असते तर विहीणबाईंची बाजू घेऊन नवऱ्याला चारचौघांत पाडल्यासारखं झालं असतं. म्हटलं, चाखून कळेल कुणाला तरी. आणि मग लक्षात आलं, की चाखणार कोण? घरच्या बायका स्वयंपाक करताना चाखत नाहीत, उष्टं होतं. पुरुषांच्या आधी तर मुळीच नाही. आणि आम्ही दोघं तर कणही तोंडात घालू शकत नव्हतो. करणाऱ्यालाच चव ठाऊक नाही असा तो पदार्थ ताटांत वाढला गेला.

पुरुषांची पंगत बसली. शेतावरून जावईही आले होते. हे अंगणात खाटेवर, हातात काही नाही, डोळे प्रत्येकाच्या तोंडाकडे. व्याह्यांनी पहिला घास घेतला. त्यांचा चेहरा क्षणभर थांबला. मग म्हणाले, "वा! फारच... वेगळं." जावयांनी वाटी एका दमात रिकामी केली आणि त्यावर लोटाभर पाणी प्याले. दोन दीरांनी मान डोलावली. तुळसाक्कांनी बायकांच्या पंगतीत चमचाभर घेतलं आणि मला म्हणाल्या, "चांगलं शे हो इहीनबाई." खिडकीतल्या बाया म्हणाल्या, चांगलं शे. जिकडे तिकडे चांगलं! व्याह्याने स्वतः रांधलेलं, त्याला नाव कोण ठेवणार?

ह्यांचा चेहरा फुलला होता. मला त्यांची फार कीव आली. तीन गावं नारळ वाहून आणले, एवढा जीव टाकला, आणि त्यांना सगळे फसवत होते, त्यात मीही.

सगळ्यांत शेवटी इंदू जेवली. सुना शेवटीच जेवतात. ती आत एकटी बसली होती, मला फक्त वाटीचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मग ती उठली, रिकामी वाटी हातात घेऊन अंगणाच्या उंबऱ्यावर आली. सासरा बसलेला, दीर बसलेले. सुनेने सगळ्यांसमोर तोंड उघडायचं नसतं.

"आबा," ती म्हणाली. "हाई खारं शे."

आमची पोर वर्षभरात 'हाये' सोडून 'शे' म्हणायला लागली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. हे खाटेवरून उठून उभे राहिले.

"खारं?"

"तोंडमा धरवत नही इतलं खारं."

"मग तू वाटीभर काबरं खाल्लंस?"

"मग काय करू?" आता ती सासरचं बोलणं विसरली, आमच्या घरचं बोलायला लागली. "तीन वर्सांची होती तवापासून वाट पाह्यली मी ह्याची. पत्रं वाचू वाचू पाठ झाली. लग्नात पण वाटलं, आता येतीन, मांडवात येतीन. नाही आले तुम्ही. मग आज फेकून देऊ का?" तिने रिकामी वाटी पुढे धरली. "पन खारं हाये. कोनी सांगत नाही तुमाले, म्हनून मी सांगते."

हे डोळे पुसत नुसतं, "खारं झालं गं, हो, खारं झालं," एवढंच म्हणत राहिले. एवढ्या आनंदाने स्वतःच्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं मी कुणाला पाहिलं नाही. व्याही मोठ्याने हसले, म्हणाले, "सुनबाईनी आमनी जीभ सोडवी!" आणि मग सगळेच कबूल व्हायला लागले. जावयांनी आणखी एक लोटा पाणी मागितलं.

इंदूने डोळे पुसले. मग खाली बघत, जरा लाजत म्हणाली, "पुढच्या खेपेला तुमीच चाखून पाहा, आबा. पाच महिने थांबा."

"पाच महिने? पाच महिने काबरं?" हे म्हणाले.

तुळसाक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र लगेच उमगलं. अखाजीला ती का आली नाही, ह्याचं अर्धं उत्तर मोटारीचे धक्के होते, राग फक्त अर्धाच होता. तुळसाक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की पाचवा लागल्यावर निरोप धाडणार होत्या. मी उंबऱ्यावरच इंदूला जवळ घेतलं आणि म्हटलं, बाळंतपणाला सावद्याला येशील ना? ती म्हणाली, येईन, झोका काढू नका.

हे तसेच उभे, बोटांवर महिने मोजत. जेठ, आषाढ, श्रावण, भादवा. दिवाळीपर्यंत पोचले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मी काही सांगितलं नाही. चौदा वर्षं मला थांबवलं ह्या माणसाने, म्हटलं, थोडा वेळ ह्यालाही थांबू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने निघालो. घोडा आम्ही इंदूकडेच ठेवला. मोटार तापीपाशी आली आणि हे एकदम ताडकन उठले. डोकं वरच्या पत्र्यावर दणकन आपटलं. सगळी मोटार वळून बघायला लागली.

"अगं! म्हणजे पाच महिन्यांनी आपल्याला तिच्या घरी जेवता येणार!"

"बसा खाली," मी म्हटलं. "येणार."

"मी पुन्हा करीन. व्यवस्थित करीन. दहा नारळ नेऊ."

"न्या. पण मीठ मी घालणार," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं ढवळायचं."